पाट या शब्दाचा तर्जुमा

एका इंग्रज घराण्याची वंशावळ माझ्या कपाटात आहे. लाल कातड्याच्या बांधणीचं जाड पुस्तक. माझी मुलं ते उघडून त्यातली चित्रं बघतात: किल्ल्यासारखं घर, लांब कानांची कुत्री, मांडीवर तलवार घेऊन बसलेले गालफुगे पुरुष. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांत एका माणसाच्या नावापुढे छापलं आहे, ‘अविवाहित, निपुत्रिक’. हे दोन्ही शब्द खोटे आहेत आणि ते मी पुरवलेले आहेत. मी याबद्दल कोणापाशी बोललो नाही. बोलणारा माणूसच नव्हे मी. पण आता लोक मला पाहून उठून उभे राहतात, ‘शिरस्तेदारसाहेब’ म्हणतात, आणि मला त्यांचा राग येतो. म्हणून लिहितो.

त्या वेळी मी वाशीमच्या कचेरीत तर्जुम्याच्या कामावर होतो. मराठी जबानीचं इंग्रजी करायचं, इंग्रजी हुकमाचं मराठी. तिशीत होतो. अक्षर चांगलं होतं, इंग्रजी त्याहून चांगलं होतं, आणि जात अशी होती की कचेरीतल्या पुष्कळांना ते खुपत होतं. आम्ही कामरगावकडचे कुणबी. मी मात्र कचेरीत सांगायचो, आम्ही देशमुखांपैकी. आमच्या वऱ्हाडात या दोन्हींतला फरक एकाच गोष्टीवरून कळतो. कुणब्यांत विधवेचा पाट लागतो, म्हणजे तिला पुन्हा नवरा करता येतो; देशमुखांत लागत नाही. तेव्हा ‘आमच्यात पाट नाही’ एवढं म्हटलं की पुरे. याच एका वाक्यावर मला बायको मिळाली होती, देशमुखांच्या घरची.

आणि माझ्या आईचा पाट लागलेला होता. तिचा पहिला नवरा प्लेगात गेला. दोन वर्षांनी माझ्या वडिलांनी तिच्याशी पाट लावला आणि मग मी झालो. यात कामरगावात कोणाला काही वावगं वाटलं नाही. वाटलं ते मला, अकोल्याला हायस्कूलात गेल्यावर. वडील वारल्यानंतर वंशावळ सांगणारा भाट आमच्याकडे आला. दर काही वर्षांनी तो येतो, पोथीत नवी नावं चढवतो. त्याला मी आईच्या नावापुढे ‘लग्नाची’ लिहायला लावलं. आई आत भाकरी थापत होती. तिला ऐकू गेलं असणार.

तर एके दिवशी कचेरीत एक म्हातारा होत चाललेला साहेब आला. आमच्या साहेबांचा पाहुणा. टेबलावर त्याने एक गुंडाळी उलगडली, ती उलगडतच राहिली, दोन्ही टोकांना दौती ठेवाव्या लागल्या. झाडासारखा काढलेला वंशवृक्ष. त्या वेळचे शिरस्तेदार, म्हणजे आम्हा कारकुनांचे वरिष्ठ, माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागले.

“बॅरोनेट म्हणजे काय हो हे?” ते माझ्या कानात म्हणाले. “हायकोर्टाचा जज्ज?”

“नाही. नावामागे ‘सर’ लागतं. बाप मेला की थोरल्या मुलाला लागतं. मुलगा नसला की भावाकडे, पुतण्याकडे.”

“म्हणजे पाटीलकीच की! शेतसारा कोण वसूल करतं?”

“सारा नाही, शेत नाही. नुसतं ‘सर’.”

“मग एवढा कागद कशाला खराब केला?” म्हणून ते हसले. साहेबानेही विचारलं, काय म्हणतात हे? मी म्हटलं, आपल्या घराण्याचं कौतुक करताहेत.

साहेब खूश झाला आणि त्याने आम्हाला सगळं घराणं समजावून सांगितलं. पहिल्या पुरुषाने कुठल्याशा राजाला शिपाई पोसायचा खर्च दिला आणि त्याबदल्यात हा किताब घेतला. म्हणजे विकतच घेतला, पण हे सांगताना साहेबाचा आवाज देवळात बोलावं तसा झाला होता. त्याच्याखाली एक मुलगा लढाईत पडलेला, एक वेडा झालेला, एक घोड्यावरून पडून मेलेला. चौथ्या की पाचव्या ओळीवर त्याने बोट ठेवलं. “ही बाई विधवा होती. आमच्या घराण्यात तिचं दुसरं लग्न. हिच्यापासून आम्ही सगळे.” त्या बाईच्या चौकटीतून खाली सात-आठ रेघा उतरल्या होत्या. ती चौकट मी नीट पाहून घेतली होती. हे मुद्दाम लिहितो, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न त्यांच्यातही चालतं हे मला माहीत नव्हतं, असं कोणी म्हणायला नको.

काम असं होतं. किताब सध्या ज्या म्हाताऱ्याकडे होता त्याला मूलबाळ नव्हतं आणि तो अंथरुणाला खिळलेला होता. त्याचा धाकटा भाऊ इंजिनियर होता. आपल्या भागात छोटी रेल्वे पडत होती तेव्हा त्याचा तंबू जऊळक्याला होता. पुढे तो पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याला वारस नसेल तर ‘सर’ या चुलतभावाकडे, म्हणजे आमच्यासमोर बसलेल्या साहेबाकडे जाणार होतं. पण इंजिनियराची एक रोजनिशी सापडली होती. तिच्यात जऊळक्याजवळच्या एका गावाचं नाव, एका बाईचं नाव आणि पुढे इंग्रजी अक्षरांत एक शब्द होता. साहेबाने मला तो दाखवला. पाट.

“मला नुसतं खरं काय ते हवं,” साहेब म्हणाला. “हे लग्न असेल, तुमच्या पद्धतीचं का होईना, तर मी ते या झाडात लिहीन. मग ते धरायचं की नाही हे आमचे वकील पाहतील. नसेल तर नाही. तो शब्द काय आहे ते तुम्ही मला सांगा.”

मी त्याच क्षणी सांगू शकलो असतो. तोंड उघडलंही. पण शिरस्तेदार मध्येच म्हणाले, “पाट! अहो, ते कुणब्या-माळ्यांतलं. यांना काय ठाऊक? हे देशमुख.” आणि माझ्याकडे बघून डोळे बारीक केले. त्यांना संशय होता, पहिल्यापासून. मी म्हटलं, “गावात जाऊन चौकशी करून सांगतो.”

दोन दिवसांनी आम्ही तिघे सकाळच्या गाडीने जऊळक्याला उतरलो. साहेब, शिरस्तेदार आणि मी. शिरस्तेदारांचं तिथे काही काम नव्हतं. स्टेशनातून बैलांची दमणी करून गावात गेलो. बाई घराच्या ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होती. पन्नाशीची, उंच, काळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा मरून वीस वर्षं झाली तरी तिने कुंकू पुसलं नव्हतं. सरकारचं काही पत्र तिला कधी आलंच नाही, मग पुसायचं कशावरून, असं तिचं म्हणणं.

साहेबाला पाहून ती उठली नाही. सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “आले का गा शेवटी. लय दिवस लावले.”

मग मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली.

“पाट लागला व्हता आमचा. चोरून नाई. माहा भाऊ व्हता, पंच व्हते, पाटील व्हते. साह्यबानं मले लुगडं आणलं, हिरव्या बांगड्या भरल्या. पाटावर बसाले सांगतलं त त्याले मांडी घालता येये ना! मंग पाय लांब करून बसला, आन् पंच म्हणे, चालते, गोऱ्याचं असंच असते.” ती हसली. तिचे दात अजून चांगले होते. “भात खाल्ला त्यानं पंचाइच्या पंगतीत. हातानं.”

“साहेब याला पाट कशाला म्हणाला? लग्न का नाही?”

“काहून म्हंजे? म्या रांडमुंड व्हतो. पयला दाल्ला मेलेला. रांडमुंड बाईचं लगन व्हते का? पाटच लागते. बायको बायकोच असते.”

एवढ्यात तिचा मुलगा आला. रेल्वेत गँगमन होता, बापाने टाकलेल्याच लाइनीवर. डोक्याला तांबूस केस, डोळे मांजरासारखे, बाकी सगळा आपल्यासारखा. हातात लांब दांड्याचा हातोडा. साहेब त्याच्याकडे बघतच राहिला आणि मग त्याने दुसरीकडे मान फिरवली. घराण्याचं नाक त्या गँगमनच्या तोंडावर होतं. पुस्तकातल्या चित्रांत आहे तेच.

“हा तुहा काका,” बाई मुलाला म्हणाली.

“असल,” तो म्हणाला. “पानी देऊ का त्याले?”

साहेबाने पाणी घेतलं. त्याने मला हळूच विचारलं, “ही बाई स्वतःला काय म्हणवते?” मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात बाई माझ्याकडे निरखून बघू लागली.

“तू कामरगावचा न रे?”

मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

“नाकावरून ओयखलं म्या. माहं माहेर थेच. तुही माय न् मी एका विहिरीवर पानी भरो.” तिने शिरस्तेदारांकडे पाहून आनंदाने सांगितलं, “याच्या मायचा बी पाटच हाये! याले इचारा न, मले काय इचारता. हा सांगल साह्यबाले पाट काय असते थे.”

शिरस्तेदारांनी तपकिरीची डबी काढली, चिमूट घेतली आणि सावकाश म्हणाले, “असं का.”

त्या ‘असं का’पाशी मी पुन्हापुन्हा जातो. त्यांनी दुसरं काहीही म्हटलं नाही. शिवी दिली नाही, हसले नाहीत. नोकरी, बायको, सासरे, अकोल्यातले दिवस, सगळं त्या बाईने एका वाक्यात ओट्यावर सांडलं होतं, आणि वर हसत होती. मला तिचा संताप आला. “ही बाई खोटं बोलते,” मी म्हटलं. “माझ्या आईचं लग्न झालेलं आहे. आमच्यात पाट नाही.”

बाईचं हसू गेलं. “काहून लाजून राह्यला रे?” ती म्हणाली. “तुह्या मायनं काय चोरी केली?”

साहेब विचारत होता, काय झालं, काय म्हणाली ती? मी म्हटलं, “काही नाही, सर. भलतीच ओळख काढते आहे.”

“आणि तो शब्द?”

मी कागद गुडघ्यावर घेतला आणि लिहिलं: मी अमुक साहेबांची ‘कीप’ होते. कचेरीच्या इंग्रजीत ठेवलेल्या बाईला हाच शब्द. साहेबाने वाचलं.

“नक्की? बायको असा अर्थ नाही होत याचा? कोणत्याही रीतीने?”

“नाही, सर. बायकोला आमच्याकडे वेगळा शब्द आहे.”

त्याला काय हवं होतं हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. तो सज्जन होता म्हणे, सगळे म्हणायचे. मी सांगतो, त्याला हवं होतं तेच मी दिलं आणि त्याने ते सज्जनपणे घेतलं. मुलाचं नाक त्यानेही पाहिलं होतं. त्या गावात पंच जिवंत होते, पाटील जिवंत होते, त्याने एकालाही बोलवा म्हटलं नाही. माझा एक शब्द त्याला पुरला. पण त्याच्यावर रागावण्याचा अधिकार मला कुठला?

जबानी वाचून दाखवायची रीत असते. मी ती बाईला मराठीत वाचून दाखवली. कागदावर इंग्रजीत ‘कीप’ होतं आणि मी तोंडाने वाचलं, “मी अमुक साहेबांशी पाट लावलेली बायको आहे.” तिने मान डोलावली. मुलगा म्हणाला, “बरोबर लिवलं.” मग मी तिचा अंगठा धरला, शाई लावली आणि तो त्या शब्दाखाली टेकवला. अंगठ्याला तुरीच्या डाळीची पिवळी भुकटी लागलेली होती. ती शाईत मिसळली.

निघताना तिने आमच्या दमणीत अर्धी पायली डाळ ठेवली. “तुह्या मायले दे,” म्हणाली.

ती डाळ मी स्टेशनवर हमालाला देऊन टाकली.

साहेब विलायतेला गेला. वर्षभरात तो आजारी म्हातारा वारला आणि साहेबाच्या नावामागे ‘सर’ लागलं. मग पुस्तक छापलं गेलं. एक प्रत माझ्या नावाने आली. पहिल्या पानावर त्याच्या हाताने लिहिलेलं आहे की या कामी माझ्या अचूक भाषाज्ञानाची फार मदत झाली. अचूक! सोबत आमच्या कचेरीतल्या साहेबांसाठी माझ्या शिफारशीचं पत्र होतं. शिरस्तेदार निवृत्त झाले तेव्हा त्या पत्राचा उपयोग झाला. जाताना ते मला म्हणाले, “बसा देशमुख, तुमचीच खुर्ची.” देशमुख हा शब्द त्यांनी असा म्हटला की मला अजून तो ऐकवत नाही.

पुढे आई आजारी पडली म्हणून तिला वाशीमला आणावं लागलं. ती बाहेरच्या खोलीत असायची. एका बाजाराच्या दिवशी भर दुपारी तो गँगमन दारात उभा राहिला. हातात जबानीची नक्कल होती, कचेरीतून रीतसर काढलेली.

“बाबू, आमच्या टेशनमास्तरनं वाचलं हे. थो म्हंते, याच्यात भलतंच लिवलं हाये. तुमी लिवलं न हे?” त्याने बोट ठेवलं. बरोब्बर त्याच जागी. “हा शबूद काय हाये?”

मी म्हटलं, “कचेरीत ये. इथे नको.”

“कायले कचेरीत? शबूद तेवढा सांगा. मी जातो.”

बाजेवरून आई बोलली. तिने सगळं ऐकलं होतं. हळू बोलली, जसं मला लहानपणी धडा विचारायची तसं. “मी सांगतो त्याले मराठी. तू मले इंग्रजी सांग. पाटाले इंग्रजीत काय म्हंतेत रे?”

माझी बायको आतल्या दारात आली होती.

“सांग न. एवढा शिकला.”

“रखेल,” मी म्हटलं.

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. गँगमनने नक्कल घडी करून टोपीत ठेवली. आई उठून बसली, पाय खाली सोडले आणि त्याला म्हणाली, “तुही माय बरी हाये का? मले स्टँडापर्यंत हात दे बाबा. मले कामरगावले जायचं हाये.” मी दारात आडवा आलो. बोललो, रडलोही. तिने माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, “तुह्या बापाले काय म्हनशीन मंग इंग्रजीत?”

ती त्याच्या हाताला धरून गेली. माझ्या घरचं पाणी ती पुन्हा प्यायली नाही. दीड वर्षाने कामरगावातच वारली. मी पोचलो तेव्हा जऊळक्याची ती बाई तिच्या उशाशी बसलेली होती. तिने माझ्यासाठी जागा करून दिली, आणि तेही मला सहन झालं नाही.

त्यानंतर मी विलायतेला पत्र लिहिलं. शब्द चुकला असं लिहिलं. खोटं केलं असं नाही, एवढी हिंमत नव्हती. साहेबाचं उत्तर आलं. पुस्तक छापून झालं आहे, माझ्या प्रामाणिकपणाबद्दल तो आभारी आहे, आणि त्याच्या गुलाबांना यंदा कीड लागली आहे. ते पत्र मी जाळलं. जाळायला नको होतं.

गेल्या वर्षी इंग्रज गेले. त्यानंतर मी नवा तर्जुमा करून, सही-शिक्क्यानिशी, जऊळक्याला गेलो. बाई थकली होती. लेकाला रेल्वेची खोली मिळाली होती, त्या खोलीच्या सावलीत बसली होती. मी कागद वाचून दाखवला. या वेळी लिहिलं होतं तेच वाचलं.

“साह्यब कुठी हायेत आता?” ती म्हणाली. “कोनाले दाखवू हे? माह्या लेकाले काय ‘सर’ व्हायचं हाये? त्याचे गँगमधले लोक त्याले ‘सर’ म्हनूनच चिडवतेत.”

“मग मी काय करू, मावशी?”

“तुह्या मायचं सांगतलं का कधी चार लोकाइत?”

“नाही.”

“मंग थे सांग अगुदर. माहं मंग पाहू.”

परवा आमचा भाट आला. या खेपेला मी त्याला वाशीमच्या घरी बोलावलं होतं, आणि सासऱ्यांना व त्यांच्या दोन भावांनाही. जेवणं झाली. भाटाने पोथी सोडली, आजोबा-पणजोबांपासून म्हणत म्हणत माझ्या वडिलांपाशी आला आणि माझ्या आईच्या नावापुढे म्हणाला, “लग्नाची.”

“ते खोटं आहे,” मी म्हटलं. “मीच लिहवलं होतं. खोडा.”

भाटाने डोळे वर केले. “काय लिहू?”

“विधवा होती. माझ्या वडिलांनी पाट लावला. तसं लिहा.”

सासरे उठले. त्यांचे भाऊ उठले. जोडे घालताना एकाचा जोडा सापडेना, तेवढा वेळ सगळे दारात ताटकळले. ते गेल्यावर माझी बायको आत निघून गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही, आणि तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. तिलाही मी फसवूनच आणलं.

भाट बोरू हातात घेऊन थांबला होता. “साहेब, ‘पाटाची’ लिहू, का नुसतं ‘बायको’ लिहू?”

“दोन्ही लिहा,” मी म्हटलं. “पाटाची बायको.”

त्याने लिहिलं आणि वाचून दाखवलं. मी पोथी त्याच्या हातातून घेतली आणि वाचलं तेच लिहिलं आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.